कर सरकारचा, शाळा कंपनीची: स्वीडनमध्ये नक्की काय चाललंय?

मेलारकाठची:
परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की "स्वीडन बघा, तिथे सगळं सरकार करतं म्हणून लोक सुखात आहेत". मी स्टॉकहोममध्ये बरीच वर्षं राहतेय, मुलं इथल्याच शाळेत जातात, त्यामुळे वाचून हसू आलं. शाळा आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा या दोन बाबतीत स्वीडनने जेवढं खाजगी कंपन्यांच्या हातात दिलंय तेवढं द्यायला भले भले भांडवलशाही देशही कचरतील. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

आधी शाळांचं सांगते. १९९२ साली कार्ल बिल्ट यांच्या उजव्या आघाडीच्या सरकारने नियम केला की मूल ज्या शाळेत जाईल तिथे त्याच्या नावचे पैसे जातील, शाळा नगरपालिकेची असो नाहीतर खाजगी. सुरुवातीला खाजगी शाळेला पालिकेच्या खर्चाच्या ८५ टक्के मिळायचे, पुढे बरोबरीने मिळायला लागले. या शाळांना इथे फ्रीस्कूला म्हणतात. पालकांकडून फी घ्यायला बंदी, म्हणजे शाळा चालते ती सगळी करदात्यांच्या पैशावर. आणि खरी गंमत अशी की त्यातून उरलेला नफा कंपनीने खिशात घालायलाही परवानगी! चर्चची शाळा, पालकांनी मिळून काढलेली शाळा असं काहीतरी होईल अशी तेव्हा लोकांची कल्पना होती, प्रत्यक्षात आज आकाडेमेडिया नावाची सगळ्यात मोठी शाळा-कंपनी स्टॉकहोमच्या शेअर बाजारात आहे. ढोबळ मानाने नववीपर्यंतची सहातली एक आणि त्यापुढच्या तीन वर्षांतली जवळजवळ तीस टक्के मुलं फ्रीस्कूलात आहेत.

म्हाताऱ्यांच्या सेवेचं नंतर लिहिते, आत्ता धाकट्याला पोहायला न्यायचंय. तुम्हाला काय वाटतं, कराच्या पैशावर चालणाऱ्या शाळेतून नफा काढू द्यावा का?

बाजारवादी:
अहो यात वाईट काय आहे तेच कळलं नाही. फी नाही, बंगलेवाल्याचा आणि बसड्रायव्हरचा मुलगा एकाच शाळेत जाऊ शकतो, आवडली नाही तर उठून दुसरीकडे जाता येतं. आपल्याकडे लोक पोटाला चिमटा काढून इंग्लिश मीडियमची फी भरतात, तो चिमटा सरकारने भरला तर गरीबाचं भलंच आहे की. नफा म्हणजे शिवी असल्यासारखं का बोलता? सरकारी शाळेला पुस्तकं पुरवणारा नफा घेतो, इमारत बांधणारा ठेकेदार घेतो, फक्त शिकवणाऱ्याने घेतला की पाप?

आणि स्टॉकहोमचंच उदाहरण घ्या, सांक्त योरान हॉस्पिटल १९९९ पासून खाजगी कंपनी चालवते, तिथे इमर्जन्सीसुद्धा आहे, आणि लोक नावाजतात त्याला.

विदर्भी_भौ:
काय राजेहो, सकाळी सकाळी तापवला धागा. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

मेलारकाठची:
@बाजारवादी, सांक्त योरान खरंच चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही म्हणता ते "उठून दुसरीकडे जाता येतं" हे कागदावर. प्रत्यक्षात चांगल्या फ्रीस्कूलात जागा मिळते रांगेने, आणि बऱ्याच ठिकाणी रांग म्हणजे नाव कधी नोंदवलं ते. इथले जाणकार आईबाप मूल जन्मलं की दवाखान्यातून घरी आल्या आल्या चार शाळांत नाव टाकून ठेवतात. आमच्यासारखे लोक, किंवा सीरियातून सहा वर्षांचं पोर घेऊन आलेलं कुटुंब, ते त्या रांगेत कुठे असणार सांगा? फी नाही हे खरं, पण ज्याला माहिती आधी कळते त्याचा नंबर आधी लागतो, आणि ती माहिती फीएवढीच महाग आहे.

दुसरं म्हणजे पैसे मुलामागे जातात हे ऐकायला छान वाटतं, पण हिशोब घालून बघा. पालिकेच्या शाळेत पाच वर्गांतून तीन-तीन मुलं गेली तर पंधरा मुलांचे पैसे गेले. खर्च किती कमी झाला? शिक्षक तेवढेच लागतात, हीटिंग तेवढंच, सफाई तेवढीच. वर फ्रीस्कूला म्हणू शकते की आमचे वर्ग भरले, पालिकेला तसं म्हणता येत नाही, कायद्याने प्रत्येक मुलाला जागा द्यावीच लागते, मग सत्राच्या मध्यात कोणी राहायला आलं तरी, उद्या एखादी कंपनी बुडाली तरी. म्हणजे रिकाम्या खुर्च्या सांभाळायचा खर्च पालिकेचा, आणि दोघांना दर डोई पैसे मात्र सारखे. माझा राग नफ्यापेक्षा या हिशोबावर आहे.

आणि कंपन्या बुडतात हो. २०१३ मध्ये जेबी एज्युकेशन नावाची देशातली एक मोठी शाळा-कंपनी दिवाळखोरीत गेली, मालक होता डेन्मार्कचा एक गुंतवणूक फंड. सुमारे दहा हजार विद्यार्थी. काही शाळा दुसऱ्यांनी घेतल्या, काही बंद पडल्या, आणि उरलेल्या मुलांना पालिकांनी सामावून घेतलं.

जिप_गुरुजी:
ताई, तुमचं ते पंधरा मुलांचं गणित वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं हेच चाललंय, फक्त मुलामागं पैसे येण्याऐवजी मुलामागं पद जातं. वाडीवरच्या शाळेतली चार पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसली की पट कमी, पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त, शिक्षक गेला की उरलेल्या पोरांच्या आईबापाला वाटतं शाळेत काही राम राहिला नाही, मग तीही गाडीत. आन् मग २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव येतो.

तुमच्या स्वीडनसारखी सिस्टीम आपल्याकडं थोडी आहेच की, आरटीईचे २५ टक्के प्रवेश. सरकार खाजगी शाळेला मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये देणार असं ठरलंय, ते पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून संस्थाचालक बोंबलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खाजगी शाळेनं ही पोरं घ्यायची गरज नाही. जुलैमध्ये हायकोर्टानं तो बदल रद्द केला. मी जिल्हा परिषदेचा माणूस असून सांगतो, त्या नियमानं आमच्या शाळा भरल्या असत्या असं कागदावर दिसतं, पण गरीबाच्या पोरानं कुठं जायचं हे असं दारं लावून ठरवायचं नसतं. आमची शाळा चांगली करा, पोरं आपोआप येतील.

बाजारवादी:
गुरुजी तुमच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत, पण मग तुमची शाळा चांगली होईल कधी? स्पर्धा असेल तेव्हाच ना.

जिप_गुरुजी:
दादा, स्पर्धा करायला तयार आहे, आधी मला निवडणुकीची, जनगणनेची आन् पोषण आहाराच्या तांदळाची कामं काढून घ्या.

योतेबोरीकर:
धागाकर्तीताईंनी म्हाताऱ्यांचा विषय अर्धा सोडलाय तो मी उचलतो. माझी बायको योतेबोरीला (म्हणजे गोथेनबर्गला) वृद्धांच्या सेवेतच काम करते, आधी पालिकेत होती, मग एका खाजगी कंपनीत, आता परत पालिकेत, त्यामुळे घरात रोज संध्याकाळी याच विषयावर चर्चासत्र असतं.

इथे १९९२ पासून म्हाताऱ्यांची जबाबदारी पूर्णपणे पालिकांकडे आहे, देशात २९० पालिका. काम स्वतः करायचं का टेंडर काढून कंपनीला द्यायचं हे पालिका ठरवते. २००९ पासून आणखी एक कायदा आला, त्यात पालिकेला वाटलं तर टेंडरऐवजी यादी ठेवायची आणि आजीआजोबांनी त्यातून कंपनी निवडायची. स्टॉकहोममध्ये घरी येऊन मदत करणाऱ्या कंपन्यांची ती यादी एके काळी शंभरावर गेली होती! आजी-आजोबांना मात्र पैशाचा ताण नाही हे आधी सांगतो, महिन्याला जास्तीत जास्त किती घ्यायचं याला देशभर वरची मर्यादा आहे, अडीच हजार क्रोनांच्या थोडी वर. बाकी सगळं करातून.

त्रास कुठे होतो तर वेळेच्या हिशोबात. बायकोच्या फोनमध्ये अॅप असायचं, एका घरी नाश्ता पंधरा मिनिटं, दुसऱ्या घरी आंघोळ तीस मिनिटं, दारावर पोचल्यावर फोन टेकवायचा, निघताना टेकवायचा. पालिका पैसे देणार त्या नोंदीवर. एका घरून दुसऱ्या घरी सायकलवर जायला लागणारी मिनिटं कुणाच्याच हिशोबात नाहीत, म्हणून ती आजीच्या पंधरातून कापायची. बर्फ पडला की आजीचा चहा गेला. आणि हे कंपनीत होतं तसंच पालिकेतही आहे बरं का, कारण एकदा पालिका बाहेरच्याला मिनिटावर पैसे द्यायला लागली की स्वतःच्या माणसांचाही हिशोब मिनिटावरच करते. बायको म्हणते, मालक बदलले, अॅप तेच.

विदर्भी_भौ:
ते डायपर वजन करायचं प्रकरण स्वीडनचंच ना? पैसे वाचवायला म्हाताऱ्यांचे डायपर वजन करून मगच बदलायचे म्हणे. हे वाचलं होतं तेव्हा डोकं फिरलं होतं बे.

योतेबोरीकर:
हो भौ, केरेमा कंपनी, २०११. स्टॉकहोमच्या वेलिंगब्यू भागात कोप्परगोर्डेन नावाचं नर्सिंग होम होतं, कंपनीचे मालक दोन आंतरराष्ट्रीय गुंतवणूक फंड. पेपरात महिनोन्महिने गाजलं, शेवटी पालिकेने करार मोडला आणि कंपनीने पुढे नावच बदललं. पण डायपरची गोष्ट जेवढी पसरली तेवढी सरळ नव्हती. कुणाला कुठल्या साइजचं लागतं ते ठरवायला वजन करणं ही नेहमीची पद्धत आहे, पालिकेच्या होममध्येही करतात. तिथले खरे दोष म्हणजे माणसं कमी, पडणं-लागणं, दुर्लक्ष, ते राहिले बाजूला आणि सगळ्या देशाला डायपर लक्षात राहिला. कंपनीच्या वकिलांचं काम सोपं झालं.

त्याच्याही आधीचं १९९७ चं प्रकरण जास्त महत्त्वाचं आहे. स्टॉकहोमला लागून सोल्ना, तिथलं पोल्हेमस्गोर्डेन हे होम आयएसएस नावाची कंपनी चालवायची, ही मुळात सफाईच्या कामातली. तिथल्या सारा वेगनर्ट या साध्या सहाय्यक परिचारिकेने टीव्हीवर येऊन सांगितलं की म्हाताऱ्यांना बेडसोर झालेत, कुणी बघत नाही. त्यातून "लेक्स सारा" कायदा आला, १९९९ पासून लागू. म्हणजे सेवेत काम करणाऱ्याने गैरप्रकार दिसला तर कळवलाच पाहिजे, ते त्याचं कर्तव्य. आता गंमत बघा, सरकारी नोकराने पत्रकाराला माहिती दिली तर कोणी दिली हे शोधायलाच वरिष्ठांना बंदी, हे संरक्षण स्वीडनमध्ये फार जुनं. पण कराच्या पैशावर चालणाऱ्या खाजगी शाळा आणि होममधल्या लोकांना तसं संरक्षण मिळायला २०१७ उजाडलं.

नाना_निवृत्त:
मंडळी, मी राज्य सरकारच्या सेवेत होतो, टेंडरं लिहिण्यात केस पांढरे झाले, म्हणून दोन शब्द.

खाजगीकरण चांगलं की वाईट यावर तुम्ही भांडताय, पण सरकार काम देतं तेव्हा काय काय मोजता येतं हे कुणी विचारत नाही. रस्ता असेल तर जाडी मोजता येते, खडी तपासता येते, आणि तरीसुद्धा काय होतं ते आपण दर पावसाळ्यात बघतोच. आता टेंडरात लिहून दाखवा की आजीशी प्रेमाने बोलावे, घास भरवताना घाई करू नये. कसं लिहिणार? म्हणून आम्ही लिहायचो माणसं किती, खाटा किती, रजिस्टर भरलं का. ठेकेदार तेवढं चोख करतो, रजिस्टर नेहमी भरलेलं असतं! उरलेलं, म्हणजे जे मोजलं जात नाही, तिथेच त्याचा नफा असतो, आणि सेवेतली ८० टक्के चव त्या न मोजलेल्या भागातच असते. ठेकेदार दुष्ट असतो म्हणून हे होत नाही, आम्ही त्याला तसंच विकत घेतलेलं असतं.

दुसरं म्हणजे, काम बाहेर दिलं की दहा वर्षांत ते काम कसं करतात हे खात्यातल्या कुणालाच माहीत राहत नाही. मग तपासणार कोण आणि परत घ्यायचं म्हटलं तर चालवणार कोण. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर आला होता, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द केला. तो गाजला म्हणून रद्द झाला, न गाजता गेलेली किती पदं आहेत ते मंत्रालयात चहा पिताना कळतं.

लीड्सवाली:
नानांना +१. इकडे इंग्लंडात सदर्न क्रॉस या कंपनीचं झालं ते आठवलं. साडेसातशेच्या आसपास केअर होम, ३१ हजार म्हातारी माणसं. आधी इमारती विकून पैसे काढले, मग त्याच इमारती वाढत्या भाड्याने परत घेतल्या, पालिकांनी हात आखडता घेतल्यावर भाडं परवडेना, २०११ मध्ये कंपनी कोलमडली. ३१ हजार लोकांना कंपनी बदला म्हणून सांगणार? शेवटी बहुतेक होम इमारतीच्या मालकांनी आणि दुसऱ्या कंपन्यांनी चालवायला घेतली. मार्केटमध्ये वाईट दुकान बंद पडतं आणि ते चांगलंच असतं हे मान्य, पण या दुकानात गिऱ्हाईक झोपायला असतं हो.

हळदकुंकू:
निवडीबद्दल एक सांगू का. मी स्टॉकहोमलाच आहे, आमच्या शेजारच्या आजीबाई नव्वदीच्या, एकट्या. पालिकेने कंपन्यांची यादी पाठवली, त्यांनी मला बोलावून विचारलं यातली कुठली चांगली. मला काय कळणार! प्रत्येकाच्या माहितीपत्रकात हसरी नर्स आणि फुलांची कुंडी. शेवटी आजींनी ज्या कंपनीच्या फोटोतला कुत्रा त्यांच्या जुन्या कुत्र्यासारखा दिसत होता ती घेतली. वर्षभर दर आठवड्याला नवीन चेहरा यायचा, किल्ली कुणाकडे आहे तेच कळेना. बदला म्हटलं तर आजी म्हणाल्या, नको गं, आता कुठे यांना माझ्या गोळ्यांचा डबा सापडायला लागलाय.

बाजारवादी:
गोष्टी ऐकून वाईट वाटतं, पण पालिकेच्या होममध्ये सगळं आलबेल आहे का हे कुणी सांगत नाहीये. २०२० मध्ये कोविडमध्ये स्वीडनच्या वृद्धाश्रमांत लोक गेले ते सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे गेले ना?

योतेबोरीकर:
गेले. दोन्हीकडे. कोरोना आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितलं की म्हाताऱ्यांना वाचवण्याचं धोरण फसलं, आणि मूळ दोष फार जुने आहेत, माणसं कमी, तासावर काम करणारे हंगामी लोक, जबाबदारी २१ प्रांत आणि २९० पालिकांत वाटलेली. त्यात एक विचित्र नियम असा की पालिकेला डॉक्टर नोकरीवर ठेवायची परवानगीच नाही, डॉक्टर प्रांताचा, होम पालिकेचं. त्यामुळे सगळं खापर कंपन्यांवर फोडणं चुकीचं, हे तुमचं बरोबर आहे. पण तासावरची माणसं कुठून आली? स्वस्तात काम करून दाखवायच्या शर्यतीत पालिकाही उतरल्या तेव्हा आली.

मेलारकाठची:
आले परत. वा, छान चाललंय.

नफ्यावर लगाम घालायचा प्रयत्न इथे झाला होता. माल्मोचे माजी महापौर इल्मार रेपालू यांच्या समितीने २०१६ मध्ये सुचवलं की नफ्याला साधारण सात टक्क्यांची मर्यादा घाला. २०१८ मध्ये संसदेने फेटाळलं.

बाजारवादी:
ताई, ते सात टक्के कशाचे हे पण सांगा की. उलाढालीचे नाही, गुंतवलेल्या भांडवलाचे! शाळा-कंपनीकडे भांडवल असतं काय, भाड्याची इमारत आणि बाकं. म्हणजे सात टक्के म्हणायचं आणि हातात जवळजवळ शून्य. बंदीच घालायची होती तर सरळ बंदी म्हणायचं.

मेलारकाठची:
मुद्दा बरोबर आहे. पण मग सरळ बंदीच घाला ना, मी तयार आहे :) चिलीने २०१५ मध्ये तेच केलं, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा बंद. जनरल पिनोशेच्या राजवटीत व्हाऊचर, म्हणजे मुलामागे पैसे जायची हीच पद्धत, आणणारा देश तो, त्यांनी सोडलं आणि आम्ही समाजवादी म्हणवणारे धरून बसलोय. २०२३ मध्ये तर शाळामंत्री लोट्टा एडहोल्म, म्हणजे फ्रीस्कूलांना कायम पाठिंबा देणाऱ्या लिबरल पक्षाच्या, त्याच म्हणाल्या की ही व्यवस्था फसली.

निकालाचं म्हणाल तर पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षेत २००० ते २०१२ स्वीडन जोरात घसरलं, पुढे सावरलं, २०२२ मध्ये परत खाली. ते सगळं फ्रीस्कूलांमुळे असं मी म्हणणार नाही, फ्रीस्कूला आल्या त्याच सुमारास, नव्वदीच्या सुरुवातीला, शाळा केंद्राकडून पालिकांकडे गेल्या, पुढे अभ्यासक्रम बदलला, बरंच काही झालं. पण गुणांची खिरापत मात्र डोळ्यांनी दिसते. राष्ट्रीय चाचणीत मुलाला जे मिळतं त्यापेक्षा वरचा ग्रेड शाळा देते आणि याबाबतीत फ्रीस्कूला जास्त सढळ असं संशोधकांनी दाखवलंय. साहजिक आहे, गिऱ्हाईक टिकवायचंय, आणि कॉलेज प्रवेश त्या ग्रेडवर.

आणि कहर म्हणजे २०२०. खाजगी शाळांची आकडेवारी म्हणजे व्यापारी गुपित, असं कोर्टाच्या निकालामुळे ठरलं, आणि शिक्षण खात्याने शाळावार निकाल वेबसाइटवरून काढूनच टाकले. सगळ्याच शाळांचे! पालकांनी शाळा निवडायची, पण कशावरून निवडायची ते गुपित. २०२१ मध्ये तात्पुरता कायदा करून ते सोडवावं लागलं.

नाना_निवृत्त:
हे गुपिताचं मला माहीत नव्हतं. कमाल आहे. आमच्याकडे फाइल आगीत जळते, तुमच्याकडे कोर्टातून जाते.

विदर्भी_भौ:
नाना एक नंबर.

मूक_वाचक:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून सोल्नाला आलो, मुलगी दोन वर्षांची आहे. धागा वाचून तत्त्वतः तुमच्याशी सहमत आहे ताई, पण ती रांग म्हणताय त्यात नाव कुठे टाकायचं?

मेलारकाठची:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. प्रत्येक शाळेच्या साइटवर वेगळं टाकावं लागतं, मुलीचा पर्सनल नंबर हाताशी ठेवा. जवळच्या पालिकेच्या शाळेतही एकदा जाऊन या, सोल्नात दोन-तीन छान आहेत. आणि हो, टाकायचं तर आजच टाका.

बाजारवादी:
:D